डोंगराआडच्या गावात एफएम लागण्यासाठी काय करता येईल? (मोरणा खोरं, ता. पाटण)

मोरणाकाठ

नमस्कार मंडळी. माझं गाव पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. किराणा दुकान आहे आणि दुकानात रेडिओ लावायची सवय वडिलांपासूनची. कराडला गेलो की गाडीत कोल्हापूरचं टोमॅटो एफएम 94.3 वर लागतं. खरखर असते, पण बोलणं कळतं. मल्हारपेठ मागं पडलं की तुटायला लागतं आणि आमच्या खोऱ्यात वळलं की पार बंद. साताऱ्याची आकाशवाणी, 103.1, तीसुद्धा घरात लागत नाही. सडावाघापूरच्या पठारावर मात्र साध्या मोबाईलवर दोन-तीन केंद्रं खणखणीत येतात.

गाण्यांसाठी विचारत नाही. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मीरगावला दरडी कोसळल्या तेव्हा आमच्याकडे लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, रस्ते वाहून गेले होते. पलीकडच्या वाडीत काय झालं हे तिकडून माणूस चालत आला तेव्हा कळलं. घरात सेलवरचा रेडिओ होता, पण त्यावर लागायला काही नव्हतं. ते मनातून जात नाही.

तर खाजगी केंद्रवाल्यांना पॉवर वाढवायला सांगता येतं का? डोंगरावर बूस्टर बसवला तर चालेल का? की आपलं स्वतःचं केंद्र काढावं लागेल?

भटका पुणेकर

दादा, आकाशवाणीचं ॲप आहे की. सगळी केंद्रं स्वच्छ ऐकू येतात.

मोरणाकाठ

ॲप आहे माझ्याकडे. टॉवर बंद पडला की ॲपही बंद पडतं, आणि मी त्याच दिवसांचं विचारतोय.

एरियलवाला

आकाशवाणीत ट्रान्समीटरवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे पॉवर कमी पडत नाही, डोंगर आडवा येतो. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची आणि ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. अंदाज काढायचा तर अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या आणि 4.12 ने गुणा, तेवढे किलोमीटर. 100 मीटरच्या मनोऱ्याला 41 किलोमीटर येतात, ऐकणारा उंचावर असेल तर त्याच्या उंचीचे वेगळे मिळवायचे. म्हणून पठारावर कोल्हापूर लागतं आणि खाली खोऱ्यात लागत नाही. पॉवर चौपट केली तर मोकळ्या जागेत अंतर फार तर दुप्पट होतं, डोंगराच्या सावलीत त्याचाही फारसा उपयोग नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी सांगलीची आकाशवाणी मध्यम लहरींवर, 1251 किलोहर्ट्झला ऐकली जायची. ती लहर जमिनीला धरून वळत जाते, त्यामुळे खोऱ्यातही पोचते. एफएमचं तसं नाही.

पॉवर वाढवायला सांगूनही उपयोग नाही, कारण ती मालकाच्या मर्जीवर नसते. लोकसंख्येवरून शहरांचे गट पाडलेत. मुंबईसारख्या ए प्लस शहरात 25 ते 50 किलोवॅट, तीन ते दहा लाख वस्तीच्या सी गटात (कोल्हापूर त्यातलंच) 3 ते 10, आणि डी गटात 1 ते 3. हे आकडे ट्रान्समीटरचे नाहीत, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या परिणामी शक्तीचे आहेत. कमाल मर्यादा यासाठी की तीच फ्रिक्वेन्सी पुढच्या शहरात दुसऱ्याला दिलेली असते. मुंबई-पुणे प्रवासात 98.3 लावून बसा, केंद्र तेच राहतं पण घाटाच्या आसपास जाहिराती बदलतात. ती दोन वेगळी प्रक्षेपणं आहेत. एका शहरात दोन खाजगी केंद्रांत 0.8 मेगाहर्ट्झ अंतर ठेवायची पद्धत आहे. 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3 हे आकडे त्यातूनच आले.

बूस्टर अजिबात नको. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे, 10 वॅटचं असलं तरी.

भटका पुणेकर

मग या कंपन्या लहान गावांत केंद्र का काढत नाहीत?

एरियलवाला

फ्रिक्वेन्सी लिलावात विकत घ्यावी लागते आणि वसुली जाहिरातीतून करायची असते. मालक कोण ते बघा. मिर्ची टाइम्स समूहाची, माय एफएम दैनिक भास्करचं, रेडिओ सिटी जागरणची, टोमॅटो पुढारीचं. बहुतेक वर्तमानपत्रवाले, म्हणजे जिथे जाहिरातीचा बाजार आधीच हातात आहे तिथले. एका मालकाला शहरातल्या 40 टक्क्यांहून जास्त वाहिन्या घेता येत नाहीत आणि शहरात निदान तीन वेगळे मालक हवेत, अशी अट आहे. ती चांगली आहे, पण ती शहरापुरतीच. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने आणखी 234 शहरांत 730 वाहिन्यांना मान्यता दिली. त्यातही सीमाभाग सोडला तर लाखाच्या आतलं गाव येत नाही. पाटण या हिशेबात कधीच बसणार नाही, आणि मला हे मनापासून चूक वाटतं. हवेतली फ्रिक्वेन्सी सगळ्यांची आहे.

एक रस्ता आकाशवाणीचा. 28 एप्रिल 2023 ला देशभरात 100 वॅटचे 91 ट्रान्समीटर एकदम सुरू झाले. तसा एक पाटणला मागा, ग्रामपंचायतींचे ठराव घेऊन खासदारांमार्फत. मात्र त्यावर दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम येतील, तुमच्या वाडीचं नाव येणार नाही.

माणची लेक

मी एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर, म्हणजे संस्थेनं तिथल्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्रावर, कार्यक्रम करते. मोरणाकाठ दादा, तुम्हाला हाच मार्ग आहे असं मला वाटतं. आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग 90.4 वर 2008 पासून आहे. बारामतीत वसुंधरा वाहिनी, जत तालुक्यात येरळावाणी. सामुदायिक केंद्राला 100 वॅट आणि जमिनीपासून 30 मीटरपर्यंत अँटेना मिळते. सपाटीला दहा-पंधरा किलोमीटर पोचतं. तुमचं खोरं अरुंद आहे, जागा नीट निवडली तर पुरेल.

व्यक्तीला, पक्षाला किंवा नफ्यासाठीच्या कंपनीला परवाना मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत सेवाभावी संस्था लागते. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शाळा-कॉलेजच्या नावावर अर्ज केला तर अँटेना त्यांच्या मुख्य आवारातच उभारावी लागते. सेवाभावी संस्थेला मात्र ज्या समाजासाठी केंद्र आहे त्याच्या परिसरात कुठेही. तुमच्याकडे सगळा खेळ जागेचा, तेव्हा संस्था शोधा. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन जातो, गावांची नावं आणि अँटेनाची जागा त्यात लिहावी लागते.

बातम्या आपल्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. पण हवामान, वीज-पाणी, रस्ता बंद, आरोग्याचा इशारा, नैसर्गिक आपत्तीची सूचना या गोष्टी बातम्यांत धरत नाहीत. कोयनेचे दरवाजे किती उचलले आणि पाणी किती सोडणार हे प्रशासनाने कळवलं की तुम्ही दर तासाला सांगू शकता. निम्मा मजकूर तरी तिथल्याच लोकांनी केलेला हवा, ते तुम्हाला जड जाणार नाही. बायकांना पहिल्या दिवसापासून माइकसमोर आणा.

मोरणाकाठ

ताई, काका, फार आभार. आमच्या खोऱ्यात एक वनौषधीवर काम करणारी संस्था आहे, नोंदणी जुनी आहे. रविवारी त्यांच्याकडे जातो. लाईट गेली तर 100 वॅटचं केंद्र बॅटरीवर चालेल का?

एरियलवाला

चालेल. 100 वॅट अँटेनाला द्यायचे तर ट्रान्समीटर विजेतून त्याच्या दुपटीच्या आसपास ओढेल असं धरा, मिक्सर आणि संगणक वेगळे. सोलर आणि बॅटऱ्या दोन दिवस पुरतील अशाच घ्या, तुमच्याकडे पावसात ऊन नसतं. वीज पडण्यापासून संरक्षण आणि चांगलं अर्थिंग आधी करा, डोंगरावर त्याशिवाय ट्रान्समीटर टिकत नाही. जागा ठरवण्याआधी एक सोपी चाचणी करा. जिथे अँटेना बसवायची तिथे उभं राहून खोऱ्यातल्या किती वाड्या डोळ्यांना दिसतात ते मोजा. ज्या दिसणार नाहीत, त्यांना आवाज नीट पोचेल असं धरू नका. तीन जागांची नावं इथे टाका, नकाशावर उंची बघून सांगतो.