मनगटाच्या फ्रॅक्चरवर लेसर: मशीन २० सेकंदांतच थांबतं

फिजिओ_कट्टा: डिस्टल रेडियस फ्रॅक्चर (मनगटाजवळ हाताचं हाड मोडलंय), हाड सरकलेलं नाही. लेसर ८०८ नॅनोमीटर, १०० मिलीवॉट, प्रोबच्या टोकाचं क्षेत्रफळ ०.५ चौ. सेंमी. कातडीवरच्या प्रत्येक बिंदूला ४ जूल द्यायचे आहेत, म्हणजे ४० सेकंद. पण ‘४’ सेट केलं की मशीन २० सेकंदांतच थांबतं. बिघाड आहे का? आणि प्लास्टर असतानाच सुरू केलं तर चालेल?

प्रकाशमापी: बिघाड नाही. तो ४ म्हणजे जूल प्रति चौ. सेंमी. त्याला ०.५ ने गुणा, हाती २ जूल येतात आणि ते २० सेकंदांत पुरे होतात. बिंदूला ४ जूल हवे असतील तर ८ लावा. पल्स मोड (लेसर सलग न चालता चालू-बंद होत राहतो) चालू आहे का तेही बघा. ५०% ड्यूटी सायकलला, म्हणजे लेसर निम्मा वेळच चालू असताना, सरासरी पॉवर निम्मी होते, आणि काही मशीन वेळ मोजताना ते धरत नाहीत. डायोड (लेसरचा प्रकाश देणारा भाग) जुना झाला की पॉवर उतरते पण स्क्रीनवर आकडा तोच राहतो, तेव्हा अधूनमधून पॉवर मीटर लावून खात्री करा.

प्रोब कातडीला काटकोनात टेकवून जरा दाबून धरा. अधांतरी धरलात तर बराच प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. ‘थोडा जास्तच देऊ’ हा मोह मात्र टाळा, ठरावीक मर्यादेपुढे परिणाम वाढण्याऐवजी घटतो.

हाडवैद्य_नाही: प्लास्टरवरून देणं व्यर्थ, प्रकाश आत पुरेसा पोचतच नाही. प्लास्टरमध्ये खिडकी कापायची तर ते ऑर्थोपेडिक सर्जननेच ठरवावं. उघड्या खिडकीतून सुजलेली कातडी बाहेर फुगते, म्हणून सेशन झालं की कापलेला तुकडा परत बसवून बँडेज बांधतात. आत प्लेट-स्क्रू असतील तर या पॉवरला ते तापण्याची भीती नाही. गाठ कर्करोगाची असेल तर तिच्यावर लेसर नको.

प्रकाशमापी: गॉगल ८०८ साठीचेच हवेत, तुम्हालाही आणि रुग्णालाही. हा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

कॅलस: रुग्णाला काय सांगता तेही महत्त्वाचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाड लवकर भरल्याचे निष्कर्ष बरेच आहेत, पण माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे आणि तोही मुख्यतः वेदना-सुजेबद्दलचा. दुखणं कमी झालं म्हणून रुग्ण हातावर जोर देऊ लागतो, खरा धोका तिथे आहे. वजन कधी उचलायचं ते एक्स-रे आणि सर्जन ठरवतील. धूम्रपान चालू असेल तर आधी ते बंद करायला सांगा.