नाथसागराला (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला) सायकलवरून वेढा: कोण कोण गेलंय? अनुभव लिहा

गोदाकाठ
काल पैठणला लग्न होतं. जेवणं उरकल्यावर उद्यानाच्या रस्त्यावर चहाला थांबलो, तर टपरीवर दोन पोरं. सायकलींना मागंपुढं पिशव्या बांधलेल्या, बूट काळ्या चिखलानं भरलेले. एकानं विचारलं, "काका, पाण्याच्या कडेकडेनं कायगावला रस्ता निघतो का?"

मला एकदम २००९चा डिसेंबर आठवला. मी याच गावात एका मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना हेच विचारलं होतं. बाबा म्हणाले, "रस्ता हाय ना. पर पाण्याखाली हाय."

तेव्हा माझ्याकडं वडिलांची काळी अ‍ॅटलस होती. गियर नाही, काही नाही. कॅरिअरला सतरंजी, आईनं दिलेले धपाटे आणि हवेचा पंप. संभाजीनगरहून (तेव्हाचं औरंगाबाद) बिडकीन, ढोरकीन करत पैठण, पन्नासेक किलोमीटर. तिथून गोदावरी ओलांडून शेवगावची बाजू धरली. नकाशात वाटतं पाणी उजव्या हाताला कायम सोबत असेल. तसं नसतं. पाणी ओढ्यानाल्यांत बोटं घालून आत घुसलेलं आहे, त्यामुळं मोठा रस्ता लांबून जातो. पाणी बघायचं तर दर वेळी एखाद्या फाट्यावरून आत शिरायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. असे मी तीन फाटे केले. तिसऱ्या ठिकाणी जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत गेलेला दिसला. कडेला मैलाचा दगड होता, त्यावरचं नाव पुसलेलं. तिथं मी बराच वेळ बसलो. धपाटे तिथंच संपले.

मुक्काम शेवगावच्या अलीकडं एका वस्तीवर. दुसऱ्या दिवशी नेवासा, प्रवरासंगम, कायगावचा पूल आणि मोठ्या रस्त्यानं घरी. तुम्ही कोण कोण गेलात? लिहा. ती पोरं पण वाचतील, त्यांना मी सांगितलंय.

ढोरकीनचा_पोऱ्या
काका आमच्या गावावरून गेलात आणि चहाला थांबला नाहीत 😀

गोदाकाठ
थांबलो होतो रे. तू तेव्हा शाळेत असशील.

सराटा
पोरांनो, पहिलं काम: दोन जादा ट्यूब घ्या. पाणी उतरल्यावर लोक गाळपेर करतात ना, त्या पट्ट्यात सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे. मला एका सकाळी चार पंक्चर. काटा आत तसाच राहतो, बोटानं टायर आतून चाचपल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. दुसरं, पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानातून सायकल घालूच नका. माती मडगार्डमध्ये बसते, चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. मी चाललोय दोन किलोमीटर. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

शेवगावची_लेक
गोदाकाठ दादा, तुमचा तो पाण्यात उतरणारा रस्ता वाचला आणि हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले.

माझ्या आईचं माहेर बुडीत. धरणाची पायाभरणी १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते झाली, तेव्हा आई पाच वर्षांची. १९७६ला इंदिरा गांधी उद्घाटनाला आल्या तोवर यांचं घर उठलेलं. आजोबांनी दाराची चौकट बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली. ती अजून मामाच्या घराला आहे. गावाचं नाव पण सोबत आणलं, म्हणून आता नाव आहे आणि जुनं गाव नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं होतं, लातूरला रेल्वेनं पाणी न्यायचे ते दिवस. मी आणि माझा भाऊ सायकलींवर निघालो, आई मामाच्या गाडीवर मागं. फुटलेल्या भेगांतून वाट काढत गेलो. घरांची जोती वर आलेली, एक बारव, आणि देवळाच्या पायऱ्या. आईनं बोट दाखवत सांगितलं, इथं चावडी, इथं कासाराचं घर. आपल्या वाड्यापाशी गेली आणि उकिडवी बसली. दगडी उखळ तसंच जमिनीत रुतलेलं होतं. तिनं त्यातली माती हातानं काढली, पूर्ण साफ केलं, आणि म्हणाली चला. येताना एक शब्द बोलली नाही.

त्याच पावसाळ्यात पाणी परत चढलं.

सराटा
ताई 🙏

मोसंबीवाला
आमची पण जमीन गेली. पण माझ्या बागेला आज त्याच धरणाचं पाणी आहे. दोन्ही खरं आहे. काय बोलावं कळत नाही.

रोहितपक्षी
जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पाणी उथळ, कडेला चिखल, म्हणून रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. चक्रवाक तर हमखास, भगवा रंग लांबून ओळखू येतो. आणि पट्टकादंब हंस, हिमालय ओलांडून येणारे. पिंपळवाडीच्या बाजूला पहाटे सायकलवर गेलो होतो. मोटारसायकल आली की थवा उठतो, सायकलला बसून राहतो. फक्त ब्रेक करकचून दाबू नका. माझा ब्रेक किंचाळला आणि शे-दोनशे चक्रवाक एकदम आभाळात. त्यांना उगीच उठवलं याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून शंभर पावलं आधीच उतरतो.

बीडकर
एक विचारायचं राहून जातं. धरण पैठणला, मग जायकवाडी नाव कसं? कोणी म्हणतं तिथं गाव होतं.

गोदाकाठ
गाव आहे, तुमच्याच बीड जिल्ह्यात. आधी धरण तिथं बांधायचं ठरलं होतं, नंतर जागा पैठणला हलवली. नाव तेच राहिलं.

बीडकर
हे आमच्या घरात आज कळायलंय.

नववीची_आई
धरणाच्या भिंतीवरून सायकल जाऊ देतात का? दहा किलोमीटर लांब आहे म्हणतात, लेकाला तेवढंच करायचंय.

ढोरकीनचा_पोऱ्या
नाही काकू, तिथं पहारा असतो, अडवतात. सत्तावीस दरवाजे खालूनच बघा. सोडलेले असतील तेव्हा काय दिसतं, पण गर्दी असते.

सराटा
आलो. राहिलेलं लिहितो. उसाच्या दिवसात नेवासा-शेवगाव भागात रात्री अजिबात चालवू नका. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. वारा हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून, म्हणून पैठणहून पश्चिमेला निघाला की ढकलतो. पावसाळ्यात उलटं, छातीवर वारा. मी जुलैत गेलो आणि शेवगावहून पुढं उतारावर पण पायडल मारत होतो.

धपाटे_दही
मी एकटी गेले होते मागच्या जानेवारीत. बाईमाणूस एकटी सायकलवर बघून लोक थांबवतात, पण घाबरवायला नाही. एका वस्तीवर आजींनी विचारलं, "नवस बोललीस का माय?" मी म्हटलं तसंच समजा. त्यांनी हुरडा दिला, वर ठेचा. नेवाशात ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाला टेकून बसले, मग टोक्याला सिद्धेश्वराच्या घाटावर. प्रवरा गोदावरीला मिळते तिथं पाय पाण्यात सोडले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या. कायगावला तळलेले मासे खाल्ले. येताना इसारवाडी फाट्यावरून शेंदूरवाद्याकडं वळले, मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकपेक्षा बरं. पण खाम नदीजवळ वास सहन होईना. शहराची घाण त्या नदीतून जाते आणि शेवटी गोदावरीतच पोचते. तेच पाणी आपण पितो.

मोसंबीवाला
ताई, धपाटे किती दिवस टिकतात?

धपाटे_दही
ज्वारी, गहू, बेसन, दह्यात मळायचे, पाणी नाही घालायचं. हिवाळ्यात दोन दिवस नक्की.

शेवगावची_लेक
गोदाकाठ दादा, तो पुसलेला मैलाचा दगड कोणत्या फाट्यावर होता आठवतं का? एरंडगावकडं का? आईला विचारलं तर म्हणते आमच्या वेशीबाहेर एक दगड होता.

गोदाकाठ
ताई, तोच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. पण वाट मला पाठ आहे. पाणी उतरलं की मी सायकल घेऊन येतो, आईंना गाडीत आणा.

सराटा
मी पण येतो. ट्यूबा मी आणतो.