बाळाला आधी येऊन भेटावं, की एकदाच न्यायला यावं?

पार्लेकर वहिनी
घरात आठ दिवस एकच विषय चाललाय आणि आता माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे मांडते.

नणंद आणि तिचा नवरा अकरा वर्षं स्टुटगार्टला आहेत. दोघांचे पासपोर्ट भारतीयच. दत्तकासाठी नाव नोंदवून साडेतीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एकदाचं काराच्या (केंद्र सरकारची दत्तकाचं काम बघणारी यंत्रणा) पोर्टलवर बाळ दाखवलं. मुलगी, साडेआठ महिन्यांची, आणि योगायोग म्हणजे मुंबईतल्याच संस्थेत, आमच्या घरापासून रिक्षाने पाऊण तास. दोघांनी फोटो बघितला, डॉक्टरांना कागद दाखवले आणि होकार कळवला. आता जर्मनीकडची मंजुरी, मग काराची ना-हरकत, मग कलेक्टर कचेरीचा आदेश, मग बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा. किती महिने लागतील ते कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

नणंद म्हणते, मी एवढं थांबणार नाही. तीन आठवडे रजा काढून येते, रोज भेटते, ओळख करून घेते, परत जाते. आदेश आला की पुन्हा येते. संस्थेतल्या ताई म्हणाल्या की भेटता येईल, पण वरून परवानगी घेऊन, दुपारी चार ते साडेपाच, बाहेरच्या खोलीत.

सासूबाई म्हणतात, "पोरीला लळा लावायचा आणि विमानात बसायचं? याला माया म्हणतात का?" नणंद फोनवर रडते. माझा नवरा दोन्हीकडे हो हो करतो. मला सासूबाईंचं पटतंय, आणि हे वाक्य मी लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा लिहितेय.

अंधेरी स्लो
सासूबाईंना माझं मत. दीड तास बाहेरच्या खोलीत बसून ओळख होत नाही, फोटो होतात. त्यातला अर्धा तास बाळ नुकतं झोपेतून उठलेलं आणि किरकिरं. दोघांच्या तिकिटांचे पैसे आत्ता वाचवा, नंतर लागणारच आहेत.

ठाण्याची आई
फोटो होतात म्हणणाऱ्यांना एक प्रसंग सांगते.

आमची लेक दहा महिन्यांची असताना घरी आली. आम्ही इथलेच, त्यामुळे घरी आणण्याआधी चार वेळा भेटू दिलं. पहिल्या भेटीत तिने माझ्याकडे पाठ केली आणि मावशींच्या पदरात तोंड खुपसलं. दुसऱ्या वेळी माझ्या बांगड्यांकडे बघत बसली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम त्याच बांगड्या घालून गेले, तर हात पुढे केला. चौथ्या भेटीत माझ्या हातून केळं खाल्लं. कुस्करलेलं, दोन चमचे. ते केळं मी जन्मात विसरणार नाही.

आणि तरीही घरी आल्यावर पहिले तीन दिवस ती रडलीच नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, किती शहाणं बाळ! चौथ्या रात्री दोन वाजता जे सुरू झालं ते पहाटे पाचपर्यंत. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ते तीन दिवस शहाणपणाचे नव्हते, ती गोठली होती. चार भेटी झालेल्या असून ही गत. एकही भेट न होता उचलून आणली असती तर? नणंदेला येऊ द्या.

अंधेरी स्लो
ताई, तुमचा प्रसंग वाचून गप्प झालो, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. चौथ्या भेटीनंतर तुम्ही तिला घरी आणलंत. इथे एकविसाव्या दिवशी केळं भरवणारी बाई गायब होणार आहे, ती थेट चार-पाच महिन्यांनी उगवणार.

दादरचा खवचट
भेटू द्यावं की नाही यावर देशोदेशी नियम झालेले आहेत, आपणच पहिल्यांदा डोकं खाजवत नाही आहोत. कझाकस्तानात परदेशी पालकांना किमान 14 दिवस रोज मुलाला भेटावंच लागायचं, त्याशिवाय कोर्टाकडे जाता येत नसे. दक्षिण कोरियात 2012 च्या कायद्यानंतर पालकांना कोर्टापुढे स्वतः उभं राहायला एक फेरी आणि आदेशानंतर मूल न्यायला दुसरी फेरी. म्हणजे भेटायचं, परत जायचं, पुन्हा यायचं, हे तिथे सर्रास झालंय. ती मुलं काय मोडून पडली?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगितलं. ग्वाटेमालात अमेरिकन पालक कागद पूर्ण होण्याआधीच भेटायला जायचे, हॉटेलात बाळ आणून द्यायचे. काहींनी तर अँटिग्वा गावात घरं भाड्याने घेऊन महिनोन्महिने बाळ सांभाळलं. 2007 च्या अखेरीस तिथला कायदा बदलला आणि असंख्य प्रकरणं मध्येच लटकली, काही कित्येक वर्षं. त्या घरांमधून काय झालं असेल याची कल्पना करा.

बोरीवलीकर
परदेशी दत्तकाबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय हेग करार आहे, त्यात आधी भेटायला बंदी आहे असं वाचलंय. मग वाद कसला?

निवृत्त समाजसेविका
बोरीवलीकर, अर्धं वाचलंय तुम्ही. 1993 च्या हेग कराराचं कलम 29 म्हणतं की मूल दत्तकासाठी मोकळं आहे आणि पालक पात्र आहेत हे ठरेपर्यंत होणाऱ्या पालकांचा मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क नको. कारण उघड आहे: पैशाच्या जोरावर बाळ आधी हेरून ठेवायचं, असे प्रकार झालेत. भारताने करार 2003 साली मान्य केला. आमच्याकडे त्याच्याही आधी, 1984 सालच्या लक्ष्मीकांत पांडे प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परदेशी दत्तकाला वेसण घातली होती. पण पार्लेकर वहिनींच्या घरचं बाळ कायद्याने मोकळं झालेलं आहे, पालकही तपासलेले आहेत. कलम 29 इथे आड येत नाही.

आता माझं मत. मी या कामात सव्वीस वर्षं काढली. मी नणंदेला आत्ता येऊ नको म्हणेन. सासूबाईंचं कारण वेगळं, माझं वेगळं.

साधारण सात-आठ महिन्यांपासून बाळ ओळखीचं-परकं करायला लागतं. साडेआठ महिन्यांच्या मुलीचं सगळं जग म्हणजे तिच्या पाळीतल्या दोन-तीन मावश्या. नणंद रोज दुपारी जाईल तेव्हा ती मुलीची आई नसेल, चार वाजता येऊन मावशीच्या कडेवरून काढून घेणारी बाई असेल. बाळ रडेल. नणंद मनाला लावून घेईल, "तिला मी आवडत नाही." असं म्हणत हॉटेलवर जाऊन दोन दिवस न जेवलेल्या बायका मी पाहिल्यात.

इथे कोणी लिहिलं नाही ते सांगते. काराची ना-हरकत मिळाली की आदेश येईपर्यंतच्या काळात पालकांना हमीपत्र देऊन बाळ आपल्याजवळ ठेवता येतं. भारतातच, तात्पुरतं. पूर्व-दत्तक प्रतिपालन म्हणतात त्याला. कलेक्टरांनी अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत आदेश द्यावा असं कायदा सांगतो. कचेऱ्यांचं तुम्ही जाणताच. पण तेव्हा यायचं ते राहायला यायचं. दोघांनी नाही जमलं तर एकीने. दुपारचे दीड तास नाहीत, चोवीस तास. आणि मग मधे परत जायचं नाही.

एक सूचना, वहिनी. तो पोर्टलवरचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर आजच काढायला सांगा. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे.

पार्लेकर वहिनी
फोटो फिरत होता. आत्याबाईंनी त्यावर "नाक आपल्यावर गेलंय" असंही लिहून झालं होतं. काढला.

मालाडची काकू
आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. एक स्पॅनिश जोडपं होतं, असंच मूल न्यायला आलेलं. मुलगा पाच वर्षांचा, पायात थोडा दोष. आदेश झालेला, पासपोर्ट यायचा होता, म्हणून एकोणीस दिवस राहिले.

पहिले दोन दिवस तो मुलगा फक्त दिव्याचं बटण दाबत होता. चालू, बंद, चालू, बंद. मी वैतागून वर गेले तर तो बाप शांतपणे खुर्चीत बसलेला, अंधार झाला की "नोचे", उजेड झाला की "दिया". म्हणजे रात्र आणि दिवस, हे मला नंतर कळलं. मला आपला वाटलं दिव्यालाच दिया म्हणतोय! तिसऱ्या दिवशी पोरगा त्याच्या आधी ओरडायला लागला. बाईला मी वरण-भात शिकवला. त्याला तूप वरून नको होतं, भाताच्या मधे खळगा करून हवं होतं. हे तिला संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितलं, फायलीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी समाजसेविका ताईंच्या बाजूने. राहायला या. पाहुण्यासारखं भेटायला येऊ नका.

ठाण्याची आई
पण काकू, खळगा करून तूप हे कळायला आधी संस्थेत जाऊन बसावंच लागतं ना? मी तेच म्हणतेय. त्या बसण्याला तुम्ही सगळे फोटो काढणं म्हणताय.

चेंबूरची मी
मी स्वतः दत्तक आहे. मुंबईच्या संस्थेतून पुण्याला गेले, आता नोकरीसाठी परत मुंबईत. वय तेहतीस.

आई मला घरी नेण्याआधी तीनदा येऊन भेटली होती. मला त्यातलं ओ की ठो आठवत नाही, आठवणं शक्यही नाही. पण आईला आठवतं. पाऊस होता, मी पिवळं झबलं घातलेलं, तिच्या खांद्यावर दूध काढलं. शाळेत कोणीतरी "तुला आणलंय" म्हणालं त्या दिवशी तिने मला हे सगळं सांगितलं, दर वाढदिवसाला ते मी सांगायला लावते. ज्या मुलांच्या गोष्टीत "आम्ही रुग्णालयात गेलो आणि तू झालास" नसतं, त्यांच्याकडे हेच असतं.

त्यामुळे बाळाला उपयोग किती हे मोजत बसू नका. भेट मोठ्यांसाठी आहे हे सरळ मान्य करा. साडेतीन वर्षं थांबलेल्या बाईला आपलं बाळ एकदा बघावंसं वाटतं यात लाज कसली? फक्त तीन आठवडे नकोत. चार दिवस या, बघा, मावश्यांना विचारा आणि जा. रोज जाऊन कडेवर घ्यायचा हट्ट नको.

दादरचा खवचट
चेंबूरताईंशी सहमत. (खवचटपणा आज रजेवर.)

अंधेरी स्लो
एक व्यवहाराचं. जर्मनीतली पालकत्व-रजा मूल ताब्यात आल्यापासून मिळते, नुसत्या भेटीसाठी नाही. भेटीत साधी रजा उडवली तर खऱ्या वेळी हातात काय उरतं ते बघून घ्या. आणि नणंदेने घातलेला टीशर्ट किंवा ओढणी पाठवा, बाळाला वास ओळखीचा होतो म्हणतात.

निवृत्त समाजसेविका
संस्थेत सगळे कपडे एका मोठ्या पातेल्यात उकळून, जंतुनाशकात बुडवून वाळत घालतात. वास पहिल्या धुण्याला जातो. उलटं करा. निघताना मुलीची रोजची चादर, असेल तशी कळकट, मागून घ्या आणि महिनाभर धुऊ नका.

पार्लेकर वहिनी
प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. आणि भलताच फाटा फुटला. बाळ ना-हरकतीनंतर इथेच राहणार म्हटल्यावर त्यांचा सगळा विरोध मावळला आणि बारशाची यादी सुरू झाली. साठ माणसं. हॉल बघायला सांगितलाय.

ठाण्याची आई
नको!! आमच्याकडे पंचवीस माणसं होती तर पोरगी प्रत्येकाकडे हसत जात होती. सगळे खूश. ते हसणं सगळ्यांसाठी सारखंच होतं, माझ्यासाठीसुद्धा, हे मला रात्री जाणवलं आणि पोटात खड्डा पडला. मग महिनाभर आम्ही दोघं सोडून कोणी भरवायचं नाही, झोपवायचं नाही, असं ठरवलं. माझी आई रुसली, तिला रुसू दिलं.

बोरीवलीकर
हे अति होतंय. आजीने नातीला घ्यायचं नाही? मग मुंबईत नातेवाइकांच्यात राहून उपयोग काय, स्टुटगार्टलाच न्या सरळ. आपल्याकडे मूल चार हातांवर वाढतं.

मालाडची काकू
बोरीवलीकर, चार हातांवर वाढतं ते आईचे दोन हात ओळखल्यानंतर. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवतात, लोकांना लांबून बघायला सांगतात, तेव्हा कोणी म्हणत नाही आजीला दूर ठेवलं. या बाईला बाळंतपण नाही म्हणून सव्वा महिनाही नाही का? आजीने तिच्या लेकीला जेवू घालावं, लेकीने बाळाला.

बोरीवलीकर
सव्वा महिन्याचं बोललात तिथे अडलो. तरी साठ जाऊ द्या, सहा माणसांचं बारसं करा. पोरीला नाव तर हवं.

चेंबूरची मी
नाव तिला आहे. संस्थेत साडेआठ महिने कोणीतरी कुठल्यातरी नावाने हाक मारतंय. बदलायचं तर बदला, पण ते नाव काय होतं ते लिहून ठेवा.

पार्लेकर वहिनी
आत्ताच नणंदेशी बोलले. ती अजूनही तीन आठवड्यांवर आहे, तिचा नवरा पाच दिवसांवर आलाय, तिकीट कोणीच काढलेलं नाही. तिने सगळा धागा वाचला आणि फक्त एक विचारलं: "वहिनी, तिथे तिला काय नावाने हाक मारतात गं?" उद्या संस्थेत फोन करून विचारते, सांगतील की नाही माहीत नाही.

सासूबाई आत कपाट उघडून बसल्यात. जुनी सुती लुगडी काढलीत, दुपटी शिवायला. हॉलचा विषय मी आज काढलेला नाही.