मदत हवी आहे: कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' घ्यावं की लॅबमध्ये नुसतं 'इंजिनियर' व्हावं? (मेटलर्जी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मेटलर्जीची बीटेक, 2019 ची. भोसरीतल्या एका जॉबवर्कच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये (इथे स्टीलचे भाग भट्टीत तापवून कडक करतात) सहा वर्षं झाली. पद 'सीनियर इंजिनियर, क्वालिटी'. काम म्हणाल तर भट्टीतून निघालेल्या लॉटचा एक गियर कापायचा, बॅकेलाइटमध्ये माउंट करायचा, पॉलिश, दोन टक्के नायटल (नायट्रिक ॲसिडचं द्रावण), मग मायक्रोस्कोप. हातमोजा फाटका निघाला की बोटाला पिवळा डाग पडतो आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात सगळ्यांनी तो हळदीचा समजून सोडून दिला.

आता हातात दोन ऑफर आहेत. एक चाकणच्या लहान कंपनीची. 'असिस्टंट मॅनेजर, हीट ट्रीट', हाताखाली सात माणसं, दोन भट्ट्या. दुसरी एका मोठ्या वाहन कंपनीच्या मटेरियल्स लॅबमधली. तिथे फेल्युअर ॲनालिसिस, म्हणजे तुटलेला शाफ्ट टेबलावर येणार आणि तो का तुटला ते शोधायचं. पद मात्र नुसतं 'इंजिनियर'. पगार चाकणपेक्षा थोडा जास्तच. एचआरच्या बाई म्हणाल्या, "आमची एल-3 ग्रेड म्हणजे बाहेरचा असिस्टंट मॅनेजरच." हे त्या बोलल्या, ऑफर लेटरमध्ये तसं काही नाही.

बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "सायेब झालीस का न्हाई अजून?" सीनियरची नुसती इंजिनियर झाले हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

नोकरी बदलायचं खरं कारणही सांगते. मागच्या वर्षी भट्टीतला वायू मोजणारा ऑक्सिजन प्रोब चुकीचं रीडिंग देत होता. भट्टीत कार्बन पोटेन्शियल (स्टीलमध्ये किती कार्बन शिरेल ते) वर गेलं आणि 20एमएनसीआर5 स्टीलच्या गियरच्या एका लॉटमध्ये मायक्रोस्कोपखाली कडक स्टीलच्या सुयांच्या मधे पांढरे ठिपके दिसले, रिटेन्ड ऑस्टेनाइट, म्हणजे कडक न झालेला मऊ भाग. पृष्ठभागावर कडकपणा 58 ते 62 एचआरसी हवा होता, मला 56 मिळाला. मी लॉट थांबवला. संध्याकाळी प्लांटच्या साहेबांनी तो सोडला. रिपोर्टवर 'तपासले' म्हणून माझी सही आणि 'मंजूर' म्हणून त्यांची. तेव्हापासून पदाचा आणि अधिकाराचा संबंध काय, हेच डोक्यात घोळतंय.

तर, पुढच्या नोकरीच्या वेळी लोक पद बघतात की काम? आणि वय 29, आता गेट देऊन एमटेक करण्यात अर्थ आहे का?

भट्टीवाला: ताई, पदांच्या नादाला लागू नका. सार्वजनिक बांधकाम खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आला की अख्खं रेस्टहाउस उठून उभं राहतं. आमच्या कंपनीत कालच चिकटलेल्या पोराच्या कार्डावरही 'एक्झिक्युटिव्ह' असतं. सेलमध्ये (सरकारी पोलाद कंपनी) मॅनेजमेंट ट्रेनी वर्षभराच्या ट्रेनिंगनंतर असिस्टंट मॅनेजर होतो, ग्रेड ई-1, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. तोच शब्द एखाद्या लहान शॉपमध्ये दहा वर्षांनी मिळतो. एल-3 चं मात्र ईमेलवर लिहून घ्या.

तिसरी_पातळी: मी एनडीटीत आहे, म्हणजे भाग न तोडता तपासायचं काम. आमच्याकडे आकड्याला तरी अर्थ असतो. लेव्हल 1 सांगितल्याप्रमाणे टेस्ट करतो, लेव्हल 2 सेटिंग लावतो आणि निकाल ठरवतो, लेव्हल 3 प्रोसिजर लिहितो आणि मंजूर करतो. पण त्यातही गोम आहे. एसएनटी-टीसी-1ए या नियमावलीखालचं सर्टिफिकेट कंपनी देते, नोकरी सोडली की ते संपलं. आयएसओ 9712 या मानकाचं त्रयस्थ संस्थेचं असतं, ते पाच वर्षं तुमच्याबरोबर चालतं. माझी अशी दोन सर्टिफिकेटं जुन्या कंपनीच्या कपाटात राहिली. म्हणून विचारतो, तुम्ही तिथून निघाल तेव्हा बरोबर काय नेणार? सात माणसांची हजेरी की चाळीस फेल्युअर रिपोर्ट?

भट्टीवाला: अजून एक राहिलं. तुम्ही सीक्यूआय-9 चं (वाहन उद्योगाच्या हीट ट्रीट तपासणीचं) ऑडिट दिलंच असेल. त्यात हीट ट्रीटचा जाणकार माणूस पूर्णवेळ आणि ऑर्ग चार्टवर दिसायला लागतो, पाच वर्षांचा अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून तेवढी वर्षं. चाकणवाल्यांना विचारा, त्या चौकटीत आज कुणाचं नाव आहे आणि लॉट थांबवायचा शेवटचा शब्द कुणाचा. लॅबलाही विचारा, रिपोर्टवर सही कुणाची. एमटेक आत्ता नको. सरकारी कंपनीसाठी (पीएसयू) म्हणत असाल तर सेलला मॅनेजमेंट ट्रेनीची खुल्या वर्गाची वयोमर्यादा 28 आहे. संशोधनात जायचं असेल तर लॅबमध्ये दोन वर्षं काढा, मग काय शिकायचंय ते आपोआप कळेल.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज दोन्हीकडे फोन केला.

लॅबच्या प्रमुखांनी सरळ सांगितलं की पहिलं वर्ष सही त्यांची. त्यानंतर ठरावीक टेस्टच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) रिपोर्टवर अधिकृत सहीसाठी माझं नाव घालतील. ती सही त्या लॅबपुरतीच, हेही त्यांनीच सांगितलं. एल-3 चं ईमेल आलं.

चाकणला मालक स्वतः फोनवर होते. ऑर्ग चार्टच्या त्या चौकटीत सध्या त्यांच्या मेहुण्यांचं नाव आहे. ते बीकॉम आहेत. ऑडिट फेब्रुवारीत आहे, तेवढ्यात तुम्ही जॉइन व्हा, असं म्हणाले. लॉट थांबवायचं विचारलं तर हसले, "मॅडम, डिस्पॅच कधी थांबतं का?"

उद्या लॅबला होकार कळवतेय. आता रविवारी बाबांना काय सांगायचं तेवढं कुणीतरी सुचवा.