आयव्ही लीगच्या टीम्सच्या नॅशनल चॅम्पियनशिप्स नक्की मोजायच्या कशा?

स्क्वॉशवाली_आई, पुणे

नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, आठ वर्षांची होती तेव्हापासून स्क्वॉश खेळते, एसआरएफआयच्या, म्हणजे भारतातल्या स्क्वॉश फेडरेशनच्या ज्युनियर रँकिंगमध्ये आहे आणि आता अमेरिकेतलं कॉलेज स्क्वॉश तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मागच्या महिन्यात एका कौन्सेलरकडे जाऊन आलो. त्यांनी एक स्लाइड दाखवली, वर आयव्ही लीग आणि खाली नॅशनल चॅम्पियनशिप्सची ही लांबलचक यादी, त्यात फुटबॉल, आइस हॉकी, रोइंग, फेन्सिंग, स्क्वॉश सगळं एकत्र. घरी येऊन एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणाऱ्या मुख्य संस्थेची यादी बघायला बसले तर त्यात स्क्वॉश नावाचा खेळच नाही! मग हे नॅशनल चॅम्पियन ठरवले कोणी? फुटबॉलची काही विजेतेपदं तर १८७०-८० च्या काळातली आणि लीग म्हणे १९५४ ची. स्क्वॉशच्या विजेत्यांत सारखं ट्रिनिटी हे नाव येतं, ते कॉलेज आयव्हीत आहे का तेही कळेना. आणि आयव्हीत स्पोर्ट्स स्कॉलरशिप नसते असं सगळेच सांगतात, मग स्कॉलरशिप देणाऱ्या मोठमोठ्या युनिव्हर्सिटींना ह्या टीम हरवतात कशा? कौन्सेलरला विचारलं तर ते डिटेल्स महत्त्वाचे नाहीत म्हणाले. आमच्यासाठी आहेत हो महत्त्वाचे, पोरीची चार वर्षं आणि घरातली सगळी पुंजी पणाला लागणारे. कोणी नीट समजावून सांगेल का?

इथाकाकर

ताई, मी कॉर्नेलला मास्टर्स केलं, दोन हिवाळे लायना रिंकच्या स्टँडमध्ये उभं राहून हॉकी बघितली, त्यामुळे ह्या विषयावर मला थांबवणं अवघड आहे, जरा सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, आयव्ही लीग नॅशनल चॅम्पियनशिप देत नाही आणि जिंकतही नाही. जिंकते ती टीम, म्हणजे कॉर्नेल, येल, प्रिन्स्टन वगैरे. लीग म्हणजे आठ युनिव्हर्सिटींचा आपसातला गट, ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेन (म्हणजे पेनसिल्व्हेनिया), प्रिन्स्टन आणि येल. ते एकमेकांशी खेळतात आणि त्यातून जो पहिला येतो तो आयव्ही चॅम्पियन. देशाचं विजेतेपद त्याच्या वरची वेगळी पायरी, ती बऱ्याच खेळांत एनसीएए भरवते, काही खेळांत दुसऱ्याच संस्था भरवतात. तुमच्या स्लाइडवर हे सगळं एकाच पातेल्यात ढवळलंय, म्हणून गोंधळ.

आता हॉकीचं, म्हणजे आइस हॉकीचं बघा. आयव्हीतल्या सहाच कॉलेजांकडे व्हर्सिटी, म्हणजे कॉलेजची अधिकृत हॉकी टीम आहे, कोलंबिया आणि पेनकडे नाही. हे सहाजण ईसीएसी नावाच्या दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, बाकीच्या सहा कॉलेजांबरोबर खेळतात आणि त्यातल्या फक्त आपसातल्या मॅचेस मोजून आयव्ही चॅम्पियन कोण ते ठरतं. म्हणजे एकच मॅच दोन हिशोबांत लागते. २०१३ मध्ये येलनी ईसीएसीची स्पर्धा जिंकली नव्हती, सोळा टीम्सच्या नॅशनल टूर्नामेंटमध्ये त्यांना जेमतेम शिरकाव मिळाला, आणि फायनलला समोर आली क्विनिपियाक, जी येलपासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे आणि जिनी त्या सीझनमध्ये येलला तीनदा हरवलं होतं. पिट्सबर्गला येलनी ४-० नी मारलं त्यांना! कॉन्फरन्स हातची गेली आणि देश जिंकला. हार्वर्डचं हॉकीचं विजेतेपद १९८९ चं, मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये ४-३, तेही मिनेसोटातच सेंट पॉलला जाऊन.

आणि आमचं कॉर्नेल, १९६७ आणि १९७०. १९७० ची टीम २९ पैकी २९ मॅचेस जिंकली, एकही हार नाही, एकही बरोबरी नाही, मुलांच्या वरच्या डिव्हिजनच्या एनसीएए हॉकीत अख्खा सीझन असा सगळ्या मॅचेस जिंकून संपवलेली ती एकच चॅम्पियन टीम. कोच नेड हार्कनेस. मी तिथे होतो तेव्हाही म्हातारे प्रोफेसर त्या टीमबद्दल असे बोलायचे जसे आपल्याकडे लोक १९८३ च्या वर्ल्ड कपबद्दल बोलतात.

लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीनं बॉल झेलत-फेकत खेळतात तो खेळ, मात्र अगदी सरळ आहे, आयव्हीत खेळायचं आणि तिथून एनसीएएत जायचं. प्रिन्स्टननी बिल टिअर्नीच्या कोचिंगमध्ये १९९२ ते २००१ मध्ये सहा वेळा जिंकलं, येलनी २०१८ ला, आणि २०२५ च्या मे महिन्यात कॉर्नेलनी मेरीलँडला १३-१० हरवून १९७७ नंतर पहिल्यांदा कप आणला, ४८ वर्षांनी. सीजे कर्स्टनी फायनलमध्ये सहा गोल केले. मी पहाटेपर्यंत जागा होतो, बायको उठून विचारायला आली की घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

जर्सीची_मावशी

इथाकाकरांनी हॉकी सांगितली, मी स्क्वॉश सांगते कारण माझा मुलगा चार वर्षं कॉलेज स्क्वॉश खेळला आणि मी दर वीकेंडला गाडी काढून कुठल्या ना कुठल्या कोर्टबाहेर बसलेली असायचे.

स्क्वॉशवाली_आई, तुम्हाला बरोबर दिसलं, स्क्वॉशची चॅम्पियनशिप एनसीएए भरवत नाही, सीएसए म्हणजे कॉलेज स्क्वॉश असोसिएशन भरवते. मुलांच्या टीमला पॉटर कप मिळतो. पण म्हणून ती दुय्यम अजिबात नाही, अमेरिकेत कॉलेज स्क्वॉशला त्याच्यावर दुसरं काही नाहीच. आणि इथे डिव्हिजनची भिंत नसते. एनसीएएच्या खेळांत छोटी कॉलेजं डिव्हिजन तीनमध्ये आणि मोठी डिव्हिजन एकमध्ये, पण स्क्वॉशमध्ये हार्वर्डसमोर एक छोटं कॉलेज उभं राहू शकतं आणि त्याला धूळ चारू शकतं.

ते छोटं कॉलेज म्हणजेच तुमचं ट्रिनिटी. कनेटिकटमध्ये हार्टफर्डला आहे, आयव्हीत नाही, बाकी खेळांत नेस्कॅक नावाच्या छोट्या कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्ये असतं. १९९० च्या दशकात अमेरिकन कॉलेजांनी कडक बॉलचा त्यांचा जुना हार्डबॉल स्क्वॉश सोडून जगभर खेळतात तो मऊ बॉलचा सॉफ्टबॉल स्क्वॉश घेतला आणि त्यामुळे बाहेरच्या देशातल्या पोरांना दार उघडलं. ट्रिनिटीचे कोच पॉल असाएंटे यांनी ते सगळ्यात आधी ओळखलं, भारत, पाकिस्तान, मलेशिया, स्वीडन, जिथून मिळतील तिथून पोरं आणली. १९९९ ते २०११ सलग तेरा नॅशनल टायटल्स आणि १९९८ ते २०१२ सलग २५२ मॅचेस जिंकल्या. दोनशे बावन्न! आपल्या मुंबईहून गेलेला मानेक माथुरसुद्धा त्याच काळात ट्रिनिटीकडून खेळला.

२००९ ची फायनल प्रिन्स्टनशी होती, नऊ जणांच्या नऊ मॅचेसपैकी ४-४ झाले आणि सगळं लाहोरच्या बासित चौधरीच्या मॅचवर आलं. पाचव्या गेममध्ये ०-५ मागे होता तो, तिथून जिंकला. मग २०१२ च्या जानेवारीत येलनी ती २५२ ची साखळी ५-४ नी तोडली आणि फेब्रुवारीत प्रिन्स्टननी फायनल ५-४ जिंकून तेरा वर्षांची मक्तेदारी संपवली. स्क्वॉशमधलं आयव्हीचं मोठेपण तुमच्या स्लाइडवर कळणार नाही, ते ह्या ५-४ मध्ये आहे.

मुलींमध्ये हार्वर्डचा दबदबा, २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं त्यांचीच टीम. पुढच्या वर्षी कोविडमुळे आयव्हीनी खेळच बंद ठेवले होते.

आणि एक महत्त्वाचं, जे कौन्सेलर लोक सांगत नाहीत. ब्राऊननी २०२० मध्ये स्क्वॉशच्या दोन्ही टीम्सचा व्हर्सिटी दर्जा काढला, आता तिथे क्लब आहे. म्हणजे तुमच्या लेकीसाठी आयव्ही आठ नाही, सात.

कोल्हापुरी_धावक

मी शिवाजी युनिव्हर्सिटीकडून वेस्ट झोन खेळलोय त्यामुळे माझ्या डोक्यात कॉन्फरन्स म्हणजे झोन असंच होतं, वेस्ट झोनमधून पहिले चार ऑल इंडियाला जाणार तसं. पण वरचं वाचून वाटतंय की तसं नाहीये. झोन नकाशावरून ठरतो, तुम्हाला विचारत नाही कोणी, इथे कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी स्वतः निवडलेली सोबत दिसतेय. आणि आपल्याकडे सगळ्या खेळांचे पॉइंट मिळून युनिव्हर्सिटीला माका ट्रॉफी मिळते, म्हणजे शेवटी श्रेय युनिव्हर्सिटीला, झोनला कोणी विचारत नाही की वेस्ट झोननी किती माका जिंकल्या. तसंच आयव्हीनी किती जिंकल्या हा प्रश्नच जरा चुकीचा नाही का?

इथाकाकर

कोल्हापुरी_धावक, फरक बरोबर पकडलात. फक्त एक, तिथे कॉन्फरन्सला स्वतःचा अभिमान असतो आणि नियमसुद्धा. आयव्हीचा करार १९५४ चा, सगळ्या खेळांना लागू, खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप नाही, प्रवेश बाकीच्यांसारखाच अभ्यासावर. त्या चौकटीत राहून जिंकलंय म्हणून लोक लीगच्या नावानं एकत्र मोजतात, आणि माझ्या मते ते मोजणं योग्यच आहे. पण बास्केटबॉलमध्ये एकही एनसीएए टायटल नाही बघा. १९९६ ला प्रिन्स्टननी आदल्या वर्षीच्या चॅम्पियन यूसीएलएला ४३-४१ नी घरी पाठवलं ह्याचाच लोक अजून उत्सव करतात. जिथे खेळ मोठा, पैसा मोठा, तिथे स्कॉलरशिप नसणं नडतं. फेन्सिंग, स्क्वॉश, रोइंग, लॅक्रॉसमध्ये तेवढं नडत नाही, कारण ते खेळणारी पोरं मुळात ह्याच कॉलेजांकडे डोळे लावून बसलेली असतात. ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

बोस्टन_कट्टा

फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं मी सांगतो. प्रिन्स्टन आणि येल दोघंही पंचवीसच्या वर नॅशनल चॅम्पियनशिप्स सांगतात पण त्या जवळपास सगळ्या लीग व्हायच्या कितीतरी आधीच्या. १८६९ ला प्रिन्स्टन आणि रटगर्स ह्यांची पहिली कॉलेज फुटबॉल मॅच झाली, त्यानंतर बरीच वर्षं खेळणारी कॉलेजंच मूठभर. फायनल वगैरे काही नव्हतं, पुढे अनेक दशकांनी कोणी रेकॉर्ड बघून ठरवलं की अमुक वर्षी हे चॅम्पियन. आयव्हीनी तर फुटबॉलच्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या नॅशनल स्पर्धेत खेळायलाच बंदी ठेवली होती, ती उठली २०२५ च्या सीझनपासून. त्यामुळे स्लाइडवरचं फुटबॉल सरळ खोडा.

रोइंग मात्र खोडू नका. मुलींचं रोइंग १९९७ पासून एनसीएएत आहे आणि ब्राऊननी सात वेळा जिंकलंय, १९९९ ते २०११ च्या मधे. मुलांचं रोइंग एनसीएएत नाहीच, त्यांची आयआरए रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींची स्पर्धा, १८९५ पासून चालू आहे, म्हणजे एनसीएएपेक्षा जुनी, आणि येल २०१७, १८, १९ सलग तीन वर्षं तिथे पहिलं. आता ह्याला नॅशनल चॅम्पियन म्हणायचं नाही का? म्हणायचंच. हार्वर्डच्या मुलींची हॉकी टीम १९९९ ला नॅशनल चॅम्पियन झाली तेव्हा एनसीएए मुलींची हॉकी भरवतच नव्हती, ती सुरू झाली २००१ ला. त्या मुलींनी काय करायचं होतं, दोन वर्षं थांबायचं होतं का? एनसीएएचा शिक्का नाही म्हणून ती यादीतून गाळतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

स्क्वॉशवाली_आई

किती छान समजावलंत सगळ्यांनी. मुलीला वाचून दाखवलं, ०-५ वरून जिंकलेल्या मॅचपाशी तिनी फोन हातातून ओढूनच घेतला. ब्राऊन आमच्या यादीत वरती होतं, काल रात्री काढलं.

मावशी, अजून दोन गोष्टी विचारते. स्कॉलरशिप नाही तर पैशांचं लोक कसं करतात? आणि टीममध्ये खालच्या नंबरवर जागा मिळाली तर त्याला काही अर्थ असतो का, की नुसतं बेंचवर बसायचं?

जर्सीची_मावशी

पैशांचं असं की खेळासाठी नसली तरी घरच्या उत्पन्नावरून मदत मिळते, आणि आयव्हीत ती चांगली भरघोस असते. पण बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी सगळीकडे नियम सारखा नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ इथे तुम्ही मदत मागितलीत म्हणून प्रवेशावर परिणाम होत नाही. कॉर्नेल, कोलंबिया आणि पेन इथे परदेशी मुलांच्या बाबतीत ते बघितलं जातं. म्हणून कोचला पहिल्या एक-दोन ईमेलमध्येच स्पष्ट सांगा, लाजू नका. आम्ही लाजलो आणि एका कोचबरोबर सहा महिने बोलून शेवटी हातात काही आलं नाही. कोचला खरंच मुलगी हवी असेल तर ॲडमिशन ऑफिसकडून लाइकली लेटर, म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचं पत्र येतं, ते येईपर्यंत कोचच्या गोड बोलण्यावर दुसरी कॉलेजं सोडू नका. आणि ट्रिनिटीसारखी आयव्हीबाहेरची कॉलेजंसुद्धा बघा, टीमची ताकद लीगच्या नावावर ठरत नाही हे वर आलंच आहे.

नंबरचं म्हणाल तर प्रत्येक टीमच्या नऊ जणी खेळतात, लॅडरवर एक ते नऊ. एक नंबरची समोरच्या एक नंबरशी, नववी नवव्या नंबरशी, आणि ज्यांच्या पाच जिंकल्या ती टीम जिंकली. नवव्या नंबरच्या मॅचला तेवढाच एक पॉइंट जेवढा पहिल्या नंबरच्या मॅचला. माझा मुलगा तीन वर्षं आठ आणि नऊ नंबरवर खेळला. एका फेब्रुवारीत ४-४ झाले होते आणि कोर्टवर फक्त त्याची मॅच उरली होती, सगळी टीम काचेला नाक लावून उभी, मी मात्र बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते कारण मला बघवेना. आतून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा कळलं.