पोषण आहारानंतरच्या गणिताच्या तासाला वर्ग लक्ष देत नाही : पाठ कसा बदलावा?

प्रश्न : सहशिक्षिका, बीड जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. पटावर ४१ मुले आहेत आणि माझा तास पोषण आहारानंतर लगेच येतो. त्यांपैकी बारा मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती व मार्चच्या अखेरीस परतली आहेत. सध्या दशांश अपूर्णांकांची उजळणी चालू आहे. मात्र मी फळ्याकडे वळले की मागच्या रांगांत गप्पा सुरू होतात, काही जण सारखे पाणी प्यायला जायची परवानगी मागतात आणि परतलेल्यांपैकी एक मुलगा शेजाऱ्यांच्या वह्या ओढत बसतो. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षा करण्यास मनाई केलेली आहेच, आणि ती मला करायचीही नाही. पाठाची मांडणी कशी बदलावी, याविषयी अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका

मुले लक्ष देत नाहीत असे ठरवण्याआधी त्यांना नेमके काय कळलेले नाही ते पाहावे, असे मला वाटते. उद्या तास सुरू होताच सर्वांना नाव न लिहिता एका चिठ्ठीवर उत्तर लिहायला सांगा : ०.३५ आणि ०.५ यांपैकी मोठी संख्या कोणती? माझ्या वर्गांत दरवर्षी पुष्कळ मुले ०.३५ लिहीत असत, कारण आपण ती संख्या ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ अशी वाचतो आणि पस्तीस हे पाचापेक्षा मोठे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक असते. ज्या मुलाची ही गाठ सुटलेली नाही, त्याला पुढची अर्धी तासिका निरर्थक वाटते आणि मग तो शेजाऱ्याची वही ओढतो. अशा वेळी संख्या अंकशः वाचायला लावावी व शिंप्याची टेप हातात द्यावी : ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटीमीटर, ०.३५ मीटर म्हणजे ३५. व्हरांड्यात गटागटाने मोजमाप करताना मुलांना उठायला-फिरायला मिळते, त्यामुळे जेवणानंतरची सुस्तीही उतरते. नियम त्यानंतर फळ्यावर लिहावा.

उत्तर : शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

टेपची सूचना मला पटली. परतलेल्या मुलांजवळ आणखी एक साधन असते, ते म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्याची पावती. तिच्यावर १२.०६० टन असे आकडे असतात. हे १२ टन ६० किलो की १२ टन ६०० किलो, असे विचारून पाहावे. शून्याचे स्थान का महत्त्वाचे आहे हे समजावायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले जिथे होती तिथे शाळाच नेली. आपल्याला निदान उदाहरण तरी मुलांच्या जगातून घेता येईल. शक्य झाल्यास मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि तिची फेड यांचाही हिशेब वर्गात मांडावा.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका

पावतीला माझी पूर्ण सहमती आहे, उचलीला मात्र नाही. घरचे कर्ज फळ्यावर आले की त्या बारा मुलांकडे बाकीचे एकोणतीस जण वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि गेलेला मान पुन्हा मिळवून देणे शिक्षकाला फार कठीण जाते. आकडे काल्पनिक घ्यावेत, कुणाच्याही घरची पावती मागू नये आणि काट्यावर वजन कसे करतात हे ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांनाच सांगू द्यावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपल्या सूचनांनुसार आठवडाभर तास घेतले. चिठ्ठ्यांमध्ये सव्वीस जणांनी ०.३५ हीच संख्या मोठी ठरवली होती आणि त्यांत पुढच्या रांगेतली, नेहमी शांत बसणारी मुलेही होती. इतके दिवस मी केवळ आवाज करणाऱ्यांकडेच पाहत होते, याचे मला वाईट वाटले. काल्पनिक पावत्यांच्या तासाला ‘भरलेल्या ट्रॅक्टरच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा करायचे असते’ हे त्याच वह्या ओढणाऱ्या मुलाने उभे राहून सांगितले, आणि दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह ठेवून ती वजाबाकी करूनही दाखवली. गप्पा अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. पाण्यासाठी मात्र आता तासाच्या आरंभीच पाच मिनिटे राखून ठेवली आहेत.