इंग्रजीतली विरामचिन्हं आणि कॅपिटल अक्षरं: मराठी हात कुठे अडखळतो?

मराठी माध्यमातून आलेल्यांच्या इंग्रजी मजकुरात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका आणि कामी येणारे उपाय, एवढंच लिहावं. व्याकरणाचं पुस्तक उतरवू नये.

भाषांतरकार

निम्म्या चुकांचं मूळ आपल्या स्वल्पविरामात आहे. ‘तो म्हणाला, की’ असं लिहायची सवय असते, मग ‘ही सेड, दॅट’ होतं. तिथे दॅटच्या आधी काहीही नको. दुसरी खोड म्हणजे दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं: ‘द बस वॉज लेट, वी मिस्ड द ट्रेन.’ मराठीत खपून जातं, इंग्रजीत चूक धरतात. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला. ‘हाऊएव्हर’ला मात्र ‘बट’सारखं वागवू नका. दोन वाक्यांच्या सांध्यावर आलं, तर त्याच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.’ असं सलग लिहिलं, तर भाऊ एकाहून जास्त आणि त्यांतला नाशिकचा डॉक्टर. ‘ब्रदर’नंतर आणि ‘नाशिक’नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच, नाशिक ही जादा माहिती. मुलं पहिला स्वल्पविराम देतात आणि दुसरा विसरतात. ती जोडी आहे. एक दिला की दुसरा हवाच.

देवनागरीत लहानमोठी अक्षरं नसल्याने ‘महत्त्वाचा शब्द म्हणजे कॅपिटल’ असा समज पक्का होतो. खरं तर वार आणि महिने कॅपिटल, पण समर, विंटर लहान. हिस्टरी हा विषय लहान, इंग्लिश कॅपिटल, कारण ते भाषेचं नाव. ‘माय मदर’मधला एम लहान, ‘माय’ काढून ‘मदर’ नावासारखं वापरलं तर मोठा.

पत्रव्यवहार तपासणारे

‘युअर्स फेथफुली’त फक्त वाय मोठा. आणि ‘युअर्स’ला अ‍ॅपॉस्ट्रॉफी कधीच नाही, कितीही कागदांवर दिसली तरी! आकड्यांकडेही बघा: इथल्या वाचकांना 12,34,567 ठीक, अमेरिकेत पाठवायचं तर 1,234,567.

मुद्रितशोधक

चिन्हाच्या आधी स्पेस देऊ नका. ओळ तिथेच मोडली, तर प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडतं. वर्डमध्ये फाइंडच्या चौकटीत स्पेस आणि स्वल्पविराम, रिप्लेसमध्ये नुसता स्वल्पविराम. मग पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांचंही तसंच. ‘इट्स’ तपासताना जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघा. बसलं तरच अ‍ॅपॉस्ट्रॉफी.

यादीत ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा संस्थेची शैली विचारा. कायद्याच्या मजकुरात मात्र जपून. अमेरिकेतल्या मेन राज्यात, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांच्या कायद्यातल्या यादीत ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दांत ‘ऑर’च्या आधी तो नव्हता. त्यामुळे वाटप हे वेगळं काम की पॅकिंगचाच भाग, हे ठरेना. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाजूने धरली, आणि पुढच्या वर्षी डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली.

भाषांतरकार

वर्डबद्दल एक राहिलं. संक्षेपानंतरचा टिंब पाहून तो पुढचं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. ऑटोकरेक्टच्या एक्सेप्शन्समध्ये नेहमीचे संक्षेप घालून ठेवा.